राइडिंग मोअरचे सुटे भाग: आधी नंबर, मग दुकान

ओहायो, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन किंवा नॉर्थ कॅरोलिनात अपार्टमेंट सोडून पहिलं घर घेतलं की घरासोबत अर्धा-पाऊण एकर गवतही पदरात पडतं. एवढं गवत ढकलायच्या मोअरने कापणं जिवावर येतं, म्हणून बहुतेक जण राइडिंग मोअर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, घेतात. बरेचदा तो घराच्या आधीच्या मालकाकडूनच, गॅरेजमध्ये उभा होता तसा घेतलेला असतो. पहिला सीझन बरा जातो. पुढच्या वर्षी मे महिन्यात गवत ऐन भरात असताना बेल्ट तुटतो, नाहीतर डेकखालून, म्हणजे पाती असलेल्या खालच्या भागातून, खरखर ऐकू येऊ लागते. मेकॅनिककडे तेव्हा दोन-तीन आठवड्यांची रांग असते. शिवाय गवत ठरावीक उंचीच्या वर गेलं की बऱ्याच शहरांत नोटीस येते.

यातली बरीचशी कामं घरी, साध्या पान्यांनी होतात. घोडं अडतं ते पार्ट मिळवण्यापाशी. पुण्यात आपली पद्धत सरळ असते. तुटलेला पार्ट पिशवीत घालून नाना पेठेत जायचं आणि काउंटरवर ठेवायचा. दुकानदार तो उलटासुलटा करून बघतो आणि आतून नवा काढून देतो. इथल्या मोठ्या दुकानात तसा जाणकार माणूस भेटेलच असं नाही. तिथे पहिला प्रश्न येतो मॉडेल नंबरचा, आणि ‘हिरवा जॉन डिअर आहे’ किंवा ‘लाल क्राफ्ट्समन आहे’ या उत्तराने काहीच साधत नाही. म्हणून गाडीची किल्ली उचलण्याआधी गॅरेजमध्ये जा.

पायरी १: दोन पाट्या, दोन नंबर

राइडिंग मोअर म्हणजे दोन कंपन्यांच्या दोन वस्तू असतात. चाकं, सीट, डेक, बेल्ट आणि पाती ही ट्रॅक्टरच्या (मोअरलाच लॉन ट्रॅक्टरही म्हणतात) कंपनीची. इंजिन बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीचं असतं: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर किंवा कावासाकी. दोघांचे नंबर वेगळे आणि पार्टही वेगळ्या यादीतले. एअर फिल्टर, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, कार्बोरेटर हवा असेल तर इंजिनचा नंबर लागतो. बेल्ट, पातं, स्पिंडल, पुली, केबल हवी असेल तर ट्रॅक्टरचा. नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण बॉनेटवर दिसतो तो एकच ब्रँड.

ट्रॅक्टरची पाटी बहुतेक वेळा सीट वर उचलली की खाली दिसते. काही मशिनवर ती मागच्या फेंडरखाली, काहींवर चेसिसच्या बाजूला असते. जॉन डिअरचं मॉडेल बॉनेटवर ठळक लिहिलेलं असतं, पण तेवढ्यावर थांबू नका, चेसिसवरचा सीरियल नंबरही टिपा. एकाच मॉडेलमध्ये अमुक सीरियलपर्यंत एक पार्ट आणि त्यापुढे दुसरा, असे फरक त्यांच्या पार्टच्या यादीत असतात. कब कॅडेट आणि ट्रॉय-बिल्ट ही एमटीडी या कंपनीची मशिनं. त्यांच्या लॉन ट्रॅक्टरचे मॉडेल नंबर सहसा १३ ने सुरू होतात.

ब्रिग्जच्या इंजिनवर नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो, बहुतेक वेळा वरच्या कव्हरवर किंवा स्पार्क प्लगच्या आसपास. तेलाचा आणि गवताचा थर त्यावर साचतो, तेव्हा फडक्याने पुसा आणि टॉर्च तिरपा धरा. अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. तिथे तीन गट असतात: मॉडेल, टाइप आणि कोड. कोडचे पहिले सहा आकडे म्हणजे इंजिन बनल्याची तारीख. १९०५१५ असं दिसलं तर इंजिन १५ मे २०१९ चं. जुन्या मालकाने ‘चार-पाच वर्षांचंच आहे’ म्हणून विकलेलं मशीन खरंच किती जुनं आहे, हेही त्यातून कळतं. कोहलरवर स्टिकर असतो, त्यावरचा मॉडेल नंबर आणि स्पेक नंबर दोन्ही घ्या.

दोन्ही पाट्यांचे फोटो काढून फोनमध्ये वेगळ्या अल्बममध्ये ठेवा. ऊन-पावसाने स्टिकर काही वर्षांत वाचता येत नाहीत, म्हणून गॅरेजच्या भिंतीवरही मार्करने नंबर लिहून ठेवावेत असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

क्राफ्ट्समनवाल्यांसाठी वेगळी टीप

आपल्या लोकांकडे येणाऱ्या जुन्या मशिनांत क्राफ्ट्समन फार दिसतात, आणि गोंधळही त्यांचाच सर्वांत जास्त. हा ब्रँड पूर्वी सिअर्स या दुकानसाखळीचा होता. सिअर्स स्वतः मोअर बनवत नसे, दुसऱ्यांकडून बनवून घेई. २०१७ मध्ये ब्रँड स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरकडे गेला आणि पुढच्या वर्षी सिअर्स दिवाळखोरीत निघाली. शेजारचे अमेरिकन आजोबा ‘सिअर्समध्ये जा, सगळं मिळतं’ म्हणतात ते त्यांच्या काळातलं. आता ती दुकानं जवळपास राहिलेली नाहीत.

सुटका मॉडेल नंबरातच आहे. सिअर्सच्या काळातल्या मॉडेल नंबरात पहिले तीन आकडे आणि मग टिंब असतं. ९१७ ने सुरुवात असेल तर मशीन आज हुस्क्वार्ना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारखान्यातलं, आणि २४७ असेल तर एमटीडीचं. म्हणजे ९१७ वाल्याने हुस्क्वार्नाच्या डीलरकडे जावं, २४७ वाल्याने एमटीडी किंवा कब कॅडेटच्या.

एक उदाहरण जवळून बघू. ९१७ मालिकेतल्या ४२ इंची डेकच्या बऱ्याच मशिनांना डेकचा बेल्ट लागतो १४४९५९ नंबरचा. हुस्क्वार्नाने पुढे या जुन्या नंबरांआधी ५३२ जोडलं, त्यामुळे तोच बेल्ट आज ५३२१४४९५९ म्हणून मिळतो. जुन्या मॅन्युअलमध्ये एक नंबर, पाकिटावर दुसरा, असं दिसलं की घाबरू नका. शेवटचे सहा आकडे जुळले तर वस्तू तीच. नंबर बदलणं सगळ्याच कंपन्यांत चालतं. काउंटरवरचा माणूस ‘सुपरसीड झालाय’ म्हणाला की समजायचं, जुन्याच्या जागी नवा नंबर आला आहे आणि तो चालतो.

पायरी २: पार्टचं नाव आणि त्याचा नंबर शोधा

मॉडेल नंबर मिळाला की कंपनीच्या साइटवर पार्टचं चित्र फुकट बघायला मिळतं. डेकचे सगळे तुकडे सुटे करून मांडलेले असतात आणि प्रत्येकाला क्रमांक. आपला पार्ट ओळखायचा, खालच्या यादीतून खरा पार्ट नंबर उतरवायचा.

नावं थोडी माहीत हवीत. गवत कापणारा खालचा पत्र्याचा भाग म्हणजे डेक. पातं ज्यावर फिरतं तो उभा दांडा आणि त्याचं घर मिळून स्पिंडल. काही कंपन्या त्यालाच मँड्रेल म्हणतात. बेल्टला ताण देणारी मोकळी फिरणारी चाकी म्हणजे आयडलर पुली. बेल्ट दोन असतात: डेक बेल्ट पाती फिरवतो, ड्राइव्ह बेल्ट मशीन चालवतो. मशीन पुढे जातंय पण गवत कापलं जात नाही, तर डेक बेल्टकडे बघा. पाती फिरतायत पण मशीन जागचं हलत नाही, तर ड्राइव्ह बेल्टकडे. दुकानात नुसता ‘बेल्ट द्या’ म्हटलं तर पुढचा प्रश्न हाच येणार.

पायरी ३: कोणत्या पार्टसाठी कुठलं दुकान

होम डेपो आणि लोज इथे नेहमी झिजणाऱ्या वस्तू मिळतात: फिल्टर, प्लग, तेल, आणि त्यांच्याकडे विकल्या जाणाऱ्या मॉडेलची पाती व डेक बेल्ट. दोघेही जॉन डिअरची १०० मालिका विकतात, त्यामुळे तिचे सर्व्हिस किटही रॅकवर असतात. जाण्याआधी त्यांच्या ॲपमध्ये आपलं स्टोअर निवडा आणि पार्ट नंबर टाका. किती नग शिल्लक आहेत आणि कुठल्या आइलमध्ये, कुठल्या बेमध्ये आहेत तेही दिसतं. स्पिंडल, केबल, स्टिअरिंगचे भाग मात्र इथे शोधण्यात वेळ घालवू नका.

ट्रॅक्टर सप्लाय हे दुकान शहरातून नव्याने आलेल्या माणसाला माहीतही नसतं. शेतकरी आणि घोडे-कोंबड्या पाळणाऱ्यांचं दुकान समजून आपण पुढे निघून जातो. पण मापाने विकले जाणारे व्ही-बेल्ट, मोअरचे टायर-ट्यूब, पिना, साखळ्या आणि बॅटऱ्या असा माल तिथे एका छताखाली असतो. मिडवेस्टमध्ये रुरल किंगही त्याच जातीचं.

एस हार्डवेअर छोटं, पण नव्या माणसाने सर्वांत आधी ओळख करून घ्यावी ती इथे. बहुतेक दुकानं स्थानिक मालकांची असतात आणि वर्षानुवर्षं तिथेच असलेला माणूस भेटण्याची शक्यता मोठी. लहान खणांच्या कपाटात एकेक नट, बोल्ट, स्प्रिंग, कॉटर पिन सुटी मिळते. जुना पार्ट हातात घेऊन जायची आपली नाना पेठेतली पद्धत इथे चालते.

गाड्यांच्या पार्टची दुकानं, म्हणजे ऑटोझोन, ओ’रायली, नापा, ही मोअरसाठी कुणाला आठवत नाहीत. स्पार्क प्लग, बॅटरी, फ्युएल लाइन, फ्युएल फिल्टर, फ्यूज तिथे मिळतात आणि ऑटोझोन, ओ’रायली सहसा रात्रीपर्यंत उघडी असतात. नापाकडे बेअरिंगही नंबरावर मिळतात.

डीलर म्हणजे शेवटचा आणि खात्रीचा उपाय. मशीन होम डेपोतून घेतलं असलं तरी जॉन डिअरचा डीलर पार्ट देतो, तिथे संकोच करायचं कारण नाही. किंमत जास्त पडते, पण सीरियल नंबर टाकून तो नेमका पार्ट काढतो. शनिवारी दुपारी त्यांचे पार्ट काउंटर बऱ्याच ठिकाणी बंद होतात आणि रविवारी उघडतही नाहीत. आपलं गवत कापणं नेमकं शनिवार-रविवारचं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी एकदा डेकखाली डोकावलेलं बरं.

छोट्या इंजिनांची दुरुस्ती करणारी गल्लीबोळातली दुकानंही विसरू नका. मागच्या आवारात मोडीत काढलेली मशिनं उभी असतात. कंपनीने बनवणं बंद केलेलं बॉनेट, सीटचा पत्रा, डेकचं ब्रॅकेट अशा वस्तू तिथेच सापडतात.

बेल्ट घेताना

बेल्टवर छापलेला नंबर झिजून गेलेला असतो, म्हणून लोक सुतळीने बाहेरून घेर मोजतात. मापाने बेल्ट घेता येतो, पण जुना बेल्ट ताणला गेलेला असतो हे लक्षात ठेवा. माप थोडं जास्तच येतं. मोटरला एकदा लावून सोडलेल्या बेल्टला ते चालून जातं. डेकवर मात्र आयडलर हवा तसा ताण देऊ शकत नाही आणि बेल्ट निसटत राहतो. पार्ट नंबर मिळत असेल तर त्यानेच घ्या.

मापानेच घ्यायची वेळ आली तर नंबर वाचायची रीत अशी. ४एल९७० मध्ये ४एल म्हणजे रुंदी अर्धा इंच आणि ९७० म्हणजे बाहेरचा घेर ९७ इंच. ए९५ मध्येही रुंदी अर्धा इंच, पण ९५ हे आतलं माप, बाहेरून तोही ९७ च्या आसपास भरतो. दोन पाकिटांवर दोन वेगळे आकडे आणि बेल्ट जवळपास तेवढाच, याचं कारण हे. पाऊण तास रॅकसमोर उभं राहण्यापेक्षा एवढं पाठ असू द्या.

मात्र लांबी जुळली म्हणून कुठलाही बेल्ट घेऊ नका. मोअरचा बेल्ट पाती जोडता-सोडताना पुलीवर घसरतो, आणि आयडलर त्याच्या पाठीवरून दाबतो. ते सोसण्यासाठी त्यात बळकट ॲरामिड धागे घातलेले असतात. साधा स्वस्त बेल्ट काही आठवड्यांतच जळका वास देऊ लागतो. जुना बेल्ट काढण्याआधी तो कुठल्या पुलीच्या आतून, कुठल्या बाहेरून जातो त्याचा फोटो काढा. काही मशिनांवर त्याचा आराखडा पायाखालच्या पत्र्यावर चिकटवलेला असतो.

पातं घेताना

४२ इंची डेक म्हणजे ४२ इंची पातं नव्हे. बहुतेक अशा डेकमध्ये दोन पाती असतात, प्रत्येकी साधारण २१ इंचांचं. लांबी मोजायची ती एका टोकाच्या कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत.

त्याहून महत्त्वाचं मधलं भोक. ९१७ वाल्या मशिनांच्या पात्याला पाच टोकांची चांदणी असते, एमटीडीच्या बऱ्याच पात्यांना सहा टोकांची. काहींना साधं गोल भोक. जुनं पातं घासून स्वच्छ करा, टोकं मोजा, फोटो काढा. रॅकवर ‘युनिव्हर्सल’ लिहिलेली, वॉशर बदलून कुठेही बसणारी पाती मिळतात. माझं स्पष्ट मत, ती घेऊ नका. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या लोखंडाखाली वॉशरचा जुगाड नको, आजूबाजूला मुलं खेळत असतात.

बेअरिंग आणि बॅटरी

डेकखालून खरखर येत असेल आणि हाताने हलवल्यावर पातं वरखाली डुलत असेल, तर स्पिंडलचं बेअरिंग गेलं. डीलर सहसा अख्खं स्पिंडल देतो. वेळ असेल तर आतलं बेअरिंग काढून बघा. त्याच्या कडेला नंबर कोरलेला असतो, पुष्कळदा ६२०३. हा नंबर मोअरच्या कंपनीचा नसून जगभर चालणारा आहे. आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरून ४० आणि जाडी १२. नापात मागा नाहीतर पुण्यात, वस्तू त्याच मापाची मिळेल. खबरदारी एकच: काही मोअरमध्ये बाहेरून ६२०३ सारखंच पण आतून पाच-अष्टमांश इंच भोकाचं बेअरिंग असतं. दांड्यावर कॅलिपर लावून मगच घ्या.

बॅटरीत गोंधळाला फार जागा नाही. लॉन ट्रॅक्टरना १२ व्होल्टची यू१ आकाराची बॅटरी लागते. त्यात आर आणि एल असे दोन प्रकार. टर्मिनल आपल्या बाजूला करून धरली की धन टोक उजवीकडे असेल ती यू१आर, डावीकडे ती यू१एल. चुकीची घेतली तर केबल पोचत नाही. जुनी बॅटरी सोबत न्या. न नेल्यास बिलात कोअर चार्ज लागतो, म्हणजे अनामत, आणि जुनी जमा केल्यावर ती परत मिळते. आधी तपासून घ्या, गाड्यांच्या पार्टच्या बऱ्याच दुकानांत बॅटरी फुकट तपासतात. दोष कधी कधी नुसत्या गंजलेल्या टर्मिनलचा निघतो.

कार्बोरेटर विकत घेण्याआधीही असंच थांबा. हिवाळाभर टाकीत राहिलेलं गॅसोलीन खराब होऊन नळी आणि जेट चोंदतात. जुनं इंधन काढा, फिल्टर बदला, ताजं भरा आणि मग ठरवा. पंपावर ‘अनलेडेड ८८’ असं स्वस्त गॅस दिसतं, त्यात १५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. मोअरच्या इंजिनांना १० टक्क्यांच्या वर चालत नाही.

काउंटरवर काय बोलायचं

लाजू नका आणि लांबण लावू नका. ‘हुस्क्वार्ना, मॉडेल नंबर हा, ४२ इंच डेक, डेक बेल्ट हवाय’, असं म्हणत फोनमधला पाटीचा फोटो पुढे करा. उच्चाराचा प्रश्नच उरत नाही. जुना पार्टही सोबत असू द्या. मग दोन प्रश्न विचारा. पहिला, हा ओरिजिनल आहे की आफ्टरमार्केट, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेला. दुसरा, बसला नाही तर परत घेता का. सोलेनॉइड, स्विच, कॉइल असे विजेचे पार्ट बरीच दुकानं परत घेत नाहीत, म्हणून ते घेण्याआधी मीटर लावून खात्री करा.

ओरिजिनलच घ्यायचा का, यावर माझं उत्तर पार्टगणिक बदलतं. फिल्टर, पुली, बेअरिंग, टायर यांत ओरेगॉन, स्टेन्स, रोटरी या आफ्टरमार्केट कंपन्यांचा माल निर्धास्त घ्यावा. दुरुस्तीवालेही तोच वापरतात. डेक बेल्ट आणि पात्याचा बोल्ट शक्यतो कंपनीचाच. सीटखालच्या सेफ्टी स्विचला पर्याय शोधू नये, आणि तो वायर जोडून बायपास तर कधीच करू नये. पाती फिरत असताना माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद पडतं ते त्याच्यामुळे.

पार्ट बसवण्याआधी

किल्ली काढून खिशात ठेवा, स्पार्क प्लगची वायर ओढून बाजूला करा, बॅटरीचं ऋण टोक सोडवा. दोन सिलिंडरच्या इंजिनाला प्लग दोन असतात, दोन्ही वायरी काढा. मशीनखाली हात घालायचा तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड किंवा ठोकळे द्या. नवा पार्ट पाकिटातून काढून जुन्याशेजारी ठेवा आणि भोकं, लांबी, जाडी ताडून बघा. बसवायचा प्रयत्न केलेला पार्ट परत घेताना दुकानदार खळखळ करतात.

खरेदीचा चांगला काळ जानेवारी-फेब्रुवारी. डीलरकडे गर्दी नसते, मागवलेला पार्ट निवांत येतो, काउंटरवरचा माणूस बोलायला मोकळा असतो. तेव्हाच एक डेक बेल्ट, पात्यांची एक जोडी, एक प्लग, एअर फिल्टर आणि ऑइल फिल्टर आणून नंबर लिहिलेल्या खोक्यात गॅरेजच्या फळीवर ठेवा. बेल्ट मात्र घडी घालून नव्हे, मोठ्या वेटोळ्यात, उन्हापासून लांब टांगून.